अब्रूचे दावे : कोल्हापूर प्रकरणापासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत

सोलापुरात निवडणूक जवळ आली की पत्रकार परिषदांमधून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘चोवीस तासांत माफी मागा, नाहीतर अब्रूनुकसानीचा दावा ठोकतो.’ दुसऱ्या दिवशी नोटिशीची बातमी छापून येते, त्यात कोटींचा आकडा असतो, आणि पुढे त्या नोटिशीचे काय झाले हे सहसा कोणाला कळत नाही. दुसरीकडे ज्याचे नाव खरोखर मातीत गेलेले असते तो माणूस वकिलाच्या कचेरीची पायरी चढायलाही घाबरतो. कायदा दोघांसाठी एकच आहे, पण तो वापरणे दोघांना सारखे परवडत नाही. दीडशे वर्षांचे मराठी खटले पाहिले तर अब्रू जपायला आपला कायदा नेमका कुठे कमी पडतो ते दिसते. त्याचा हा आढावा.

आधी आजची परिस्थिती पाहू. समजा, अशोक चौकातल्या एका पतसंस्थेत वसुलीचे काम करणारा कर्मचारी आहे. ‘याने ठेवीदारांचे पैसे खाल्ले’ अशी एक ध्वनिफीत तेलुगूत फिरते, तिचा मराठी सारांश गल्लीच्या ग्रुपवर येतो आणि संध्याकाळपर्यंत साखर पेठेतल्या सासुरवाडीला कळते. हा माणूस पोलीस ठाण्यात जातो. तिथे त्याला सांगितले जाते की हा अदखलपात्र गुन्हा आहे; एनसी नोंदवून घेतो, पुढचे कोर्टात बघा. अनेकांना यात पोलिसांची टाळाटाळ दिसते, पण कायदाच तसा आहे. बदनामीच्या गुन्ह्याची दखल न्यायालय घेते ती बाधित व्यक्तीने स्वतः केलेल्या फिर्यादीवरून. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 199 होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 222 आहे. पोलिसांनी परस्पर गुन्हा नोंदवून कोणाला उचलावे, अशी सोय यात नाही आणि ती नाही हे बरेच आहे. अब्रूच्या नावाखाली रात्री-अपरात्री दार वाजू लागले असते तर सत्तेवर टीका करणारा एकही माणूस गावात उरला नसता.

तर तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी फिर्याद करतो. शपथेवर त्याचा जबाब होतो, साक्षीदार तपासले जातात. नव्या संहितेच्या कलम 223 ने एक महत्त्वाचा बदल केला आहे : दखल घेण्याआधी आरोपीला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. पूर्वी फिर्यादीचे ऐकून थेट समन्स निघे आणि सामान्य आरोपीला पहिली बातमी समन्स हातात पडल्यावरच मिळे. आता खोडसाळ फिर्याद दारातच अडवता येईल. त्याच वेळी खऱ्या फिर्यादीच्या वाट्याला आणखी एक टप्पा आणि आणखी काही तारखा आल्या.

इथे सोलापूरची एक खास अडचण आहे. बदनामीच्या खटल्यात नेमके शब्द लागतात. ‘माझ्याबद्दल वाईट बोलला’ एवढ्याने भागत नाही. कोणते शब्द, कोणत्या भाषेत, कोणासमोर, हे दाव्यात लिहावे लागते. आपल्या शहरात एकच अफवा तेलुगूत जन्मते, कन्नडमध्ये वाढते, दख्खनीत तिला मीठमसाला लागतो आणि मराठीत ती छापली जाते. चारही ठिकाणी शब्द वेगळे, बोलणारे वेगळे. मूळ शब्द जसेच्या तसे उतरवून त्याखाली अनुवाद द्यायचा, तर आधी मूळ फीत हाती हवी. ती बहुतेकदा पुढे पाठवत आलेली असते आणि पाठवणाऱ्याने स्वतःच्या मोबाइलमधून पुसलेली असते.

पुरावा म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवला की झाले, असा समज सर्वत्र आहे. तो पुरेसा नाही. विद्युत नोंदीची प्रत न्यायालयात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी हे प्रमाणपत्र सक्तीचे असल्याचे स्पष्ट केले. तेव्हा ते पुरावा कायद्याच्या कलम 65 ब खाली होते, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली आहे. जालन्याच्या चुरशीच्या लढतीतून निघालेला हा नियम आज देशभरच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप भांडणाला लागू आहे. मूळ मोबाइल सांभाळून ठेवा, तो विकू नका, संदेश पुसू नका, हे वकिलांनी अशिलाला पहिल्याच भेटीत सांगायला हवे.

आता जुन्या खटल्यांकडे वळू, कारण आजची बहुतेक दुखणी तिथे आधीच दिसतात.

4 जानेवारी 1881 रोजी ‘केसरी’ सुरू झाला आणि वर्ष उलटते न उलटते तोच टिळक आणि आगरकर बदनामीच्या खटल्यात आरोपी झाले. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होतो आहे, अशा बातम्या येत होत्या. कारभारी माधवराव बर्वे यांच्या नावची काही पत्रे हाती आली आणि ‘केसरी’ व ‘मराठा’ या दोन्ही पत्रांनी त्यांच्या आधारे बर्व्यांवर गंभीर आरोप केले. खटल्यात ती पत्रे बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली, तरी जुलै 1882 मध्ये चार-चार महिन्यांची शिक्षा झाली. सूट मिळून डोंगरीच्या तुरुंगात ते 101 दिवस राहिले आणि आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिले. जामिनाचा प्रश्न आला तेव्हा महात्मा फुले यांनी ज्यांच्याशी मतभेद होते त्या या तरुणांसाठी रामशेठ उरवणे यांना दहा हजारांच्या जामिनासाठी उभे केले. वैचारिक विरोधकाच्या अडचणीत असे धावून जाणे आज किती जणांना जमेल?

या प्रकरणाचा अभिमानाने उल्लेख होतो तो तुरुंगवासासाठी. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. हेतू चांगला होता, राजाच्या हालांबद्दलची चीड खरी होती, आणि तरीही कागद तपासले गेले नव्हते. बर्व्यांची बदनामी खोट्या पत्रांवरून झाली हे नाकारता येत नाही. पण चूक कबूल करून माफी मागितल्यावरही संपादकांना तुरुंगात टाकून बर्व्यांना काय मिळाले? सुटकेच्या दिवशी, 26 ऑक्टोबर 1882 रोजी, दोघांचे जंगी स्वागत झाले. शिक्षेने आरोपींना मोठे केले आणि फिर्यादीचे नाव लोकांच्या मनात होते तसेच राहिले.

सदतीस वर्षांनी टिळक याच रणांगणात दुसऱ्या बाजूला उभे राहिले. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या 1910 च्या पुस्तकात त्यांना हिंदुस्थानातल्या असंतोषाचे जनक म्हटले होते आणि राजकीय हत्यांशी त्यांचे नाव जोडले होते. टिळकांनी लंडनमध्ये दावा लावला. 1919 च्या जानेवारी-फेब्रुवारीत न्यायमूर्ती डार्लिंग आणि ज्युरी यांच्यासमोर तो चालला. टिळकांतर्फे सर जॉन सायमन, चिरोलतर्फे सर एडवर्ड कार्सन, म्हणजे त्या काळच्या इंग्लंडमधले दोन नामांकित वकील. टिळक हरले. खर्च लाखांच्या घरात गेला आणि तो भागवण्यासाठी महाराष्ट्रात फंड उभारावा लागला. दावा लावणाऱ्याचे अख्खे पूर्वायुष्य उलटतपासणीत टेबलावर येते, हा धोका त्या खटल्याने सर्वांना दाखवला. कार्सनने टिळकांच्या जुन्या शिक्षा आणि जुने लेख एकेक करून बाहेर काढले. जो अब्रूसाठी कोर्टात जातो त्याला आधी ती तिथे पणाला लावावी लागते. आजही वकिलांनी हे अशिलाला स्पष्ट सांगितले पाहिजे.

मेलेल्या माणसाची अब्रू असते का? 1925 मध्ये दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ पुण्यात प्रसिद्ध झाले. टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर त्यात अत्यंत जहरी टीका होती. फिर्याद झाली, जवळकर आणि केशवराव जेधे यांच्यासह चौघांना शिक्षा झाली. 1926 मध्ये अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आरोपींतर्फे उभे राहिले आणि सारे सुटले. मृताची बदनामीही गुन्हा ठरते, पण ती त्याच्या कुटुंबीयांच्या वा जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्यासाठी केलेली असली पाहिजे, असे कायद्याचे स्पष्टीकरण सांगते. फिर्यादीचे मृताशी नाते फार दूरचे आहे, हा बाबासाहेबांचा महत्त्वाचा मुद्दा होता. इतिहासपुरुषांच्या नावाने ऊठसूट भावना दुखावून घेणाऱ्यांनी हे प्रकरण वाचावे. दिवाणीत तर आणखी स्पष्ट आहे : बदनामीच्या भरपाईचा हक्क माणसाबरोबर संपतो.

फौजदारी व्याख्या 1860 च्या दंड संहितेच्या कलम 499 मधून जवळजवळ जशीच्या तशी भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आली आहे. 1 जुलै 2024 पासून ती लागू आहे. तिच्यातले एक स्पष्टीकरण वाचले की तो काळ डोळ्यांपुढे उभा राहतो : माणसाचे चारित्र्य, बुद्धी, जात वा धंद्यातले स्थान, पत, किंवा त्याचे शरीर किळसवाण्या अवस्थेत आहे असा समज, यांपैकी कशानेही लोकांच्या नजरेत तो उतरला तर अब्रूला धक्का बसला असे समजायचे. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची साधी कैद, दंड, किंवा दोन्ही. नव्या संहितेने त्यात समाजसेवेचा पर्याय घातला, आणि माझ्या मते या सगळ्या बदलांतला तो सर्वांत शहाणपणाचा आहे.

कायद्यात दहा अपवाद आहेत आणि खरी लढाई त्यांच्यातच होते. पहिलाच अपवाद सामान्य माणसाला चकवतो. ‘मी खरे तेच बोललो’ एवढा बचाव फौजदारीत पुरत नाही. ते खरे असले पाहिजे आणि ते सांगणे लोकहिताचेही असले पाहिजे. दिवाणी दाव्यात मात्र खरेपणा सिद्ध झाला की बचाव पूर्ण होतो. म्हणजे एखाद्याचे जुने घरगुती प्रकरण खरे असूनही गल्लीभर सांगत सुटलात, तर भरपाईतून वाचाल पण आरोपीच्या पिंजऱ्यात अडकाल. सार्वजनिक कामावर सद्भावनेने मत देणे, अधिकाऱ्याकडे सद्भावनेने तक्रार करणे, स्वतःच्या हिताच्या रक्षणासाठी बोलणे, हे सारे अपवादात येते. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गैरप्रकाराची तक्रार गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे करणारा पालक यात सुरक्षित आहे. तीच तक्रार पुराव्याशिवाय फ्लेक्सवर छापणारा नाही. निनावी अर्ज करून नामानिराळे राहणाऱ्यांनी तर सद्भावनेचे नावही घेऊ नये.

दिवाणीची कहाणी मुंबईच्या कापड गिरण्यांशी जोडलेली आहे. 24 सप्टेंबर 1960 रोजी ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात ठाकरसी उद्योगसमूहावर आर्थिक गैरव्यवहाराचे आरोप छापून आले. कृष्णराज ठाकरसी यांनी संपादक करंजियांवर दावा लावला. न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी तीन लाखांची भरपाई दिली. अपिलात ती दीड लाखावर आली. सुनावणीत एका साक्षीदाराने आपल्या साक्षीची बातमी छापली जाऊ नये अशी विनंती केली आणि तारकुंडे यांनी ती मान्य केली. त्याविरुद्ध वार्ताहर नरेश श्रीधर मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. 1966 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने त्यांच्या विरोधात निर्णय दिला. खुल्या न्यायालयाचे काय आणि किती छापायचे या वादात आजही त्या निकालाचा हवाला दिला जातो.

मग येते ते न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे प्रकरण. 10 सप्टेंबर 2008 रोजी ‘टाइम्स नाऊ’ने गाझियाबादच्या भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याची बातमी दाखवताना कलकत्ता उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींऐवजी सावंतांचे छायाचित्र दाखवले. नावांतल्या साधर्म्यामुळे झालेली चूक, सुमारे पंधरा सेकंदांची. वाहिनीने छायाचित्र काढले, पण जाहीर दुरुस्ती लगेच केली नाही. सावंतांनी पत्र पाठवल्यानंतर ती काही दिवस दाखवली. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल 2011 मध्ये 100 कोटींचा हुकूमनामा दिला. उच्च न्यायालयाने अपील ऐकण्यासाठी 20 कोटी जमा करण्याची आणि 80 कोटींची बँक हमी देण्याची अट घातली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. रकमेवर तेव्हा मोठा गदारोळ झाला. 100 कोटी फारच झाले, असे माझेही मत आहे. एवढ्या आकड्याने छोटे वृत्तपत्र एका फटक्यात बंद पडेल. पण त्या पहिल्या संध्याकाळीच ‘चूक झाली, हे ते नव्हेत’ एवढे ठळकपणे सांगितले असते तर दाव्याला पायाच उरला नसता. अब्रू सावरण्याची वेळ काही तासांची असते. आपली न्यायव्यवस्था वर्षांत मोजते.

फौजदारी कलम असावे की नसावे, यावर 13 मे 2016 रोजी सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : अब्रू हा कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, म्हणून हे कलम घटनाबाह्य नाही. अब्रूचे मोल न्यायालयाने मानले यात वाद नाही. पण तिच्यासाठी कैदच कशाला, हा प्रश्न त्याने सुटत नाही. ज्या इंग्लंडने हा कायदा आपल्याला दिला त्याने 2010 पासून आपल्याकडची फौजदारी बदनामी रद्द केली आहे. श्रीलंकेने तर ती 2002 मध्येच काढली. आपण 2023 मध्ये सगळी संहिता नव्याने लिहायला बसलो आणि ही संधी सोडली.

कैदेच्या तरतुदीचा उपयोग कोण करतो ते पाहा. 1998 मध्ये मंत्री बबनराव घोलप यांच्या फिर्यादीवरून अण्णा हजारे यांना तीन महिन्यांची शिक्षा होऊन येरवड्याला जावे लागले. 23 मार्च 2023 रोजी सुरतच्या न्यायालयाने राहुल गांधी यांना नेमकी दोन वर्षांची, म्हणजे कमाल शिक्षा दिली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची खासदारकी रद्द झाली. 4 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली. लैंगिक छळाचा आरोप केल्याबद्दल एम. जे. अकबर यांनी पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर केलेल्या फिर्यादीचा निकाल 17 फेब्रुवारी 2021 रोजी लागला. रमाणी निर्दोष सुटल्या, आणि स्त्रीच्या प्रतिष्ठेच्या किमतीवर दुसऱ्याची अब्रू जपता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. अकबर यांनी त्याविरुद्ध अपील केले. पण सुटका होईपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ रमाणी यांनी तारखा केल्या. सोलापूरच्या एखाद्या विडी कामगार बाईने मुकादमाविरुद्ध तोंड उघडले आणि त्याने फिर्याद लावली, तर एका तारखेला तिची दिवसाची मजुरी बुडते. तिची शिक्षा निकालाची वाट पाहत नाही.

आंतरजालाच्या बाबतीत महाराष्ट्राने एक धडा आधीच घेतला आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्यातूनच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 अ ला आव्हान मिळाले आणि 24 मार्च 2015 रोजी ते रद्द झाले. व्हॉट्सअॅप ग्रुपच्या अॅडमिनला सभासदाच्या मजकुरासाठी केवळ अॅडमिन म्हणून गुन्हेगार ठरवता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितले. पुढे पाठवणारा मात्र सुटत नाही. ‘जसे आले तसे पाठवले’ हा बचाव कायद्यात नाही.

आणखी एक गोष्ट, बातमी दाबू पाहणाऱ्यांसाठी. बातमी येण्याआधीच ती थांबवा, असा एकतर्फी हुकूम मिळवण्याची पद्धत वाढली आहे. 22 मार्च 2024 रोजी ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की पूर्ण सुनावणीआधी मजकूर रोखणे ही अपवादाची गोष्ट आहे. 1994 च्या राजगोपाल निकालाने तर सरकारी अधिकाऱ्याच्या कामावरच्या टीकेसाठी भरपाई मागण्याचा मार्ग बराच अरुंद केला आहे. मजकूर खोटा आणि सत्याची बेदरकार उपेक्षा करणारा होता, हे अधिकाऱ्याला दाखवावे लागते. तालुक्याच्या पत्रकारांनी हे दोन निकाल खिशात ठेवावेत.

नावाची किंमत सोलापूरला शिकवायला नको. चादरीला भौगोलिक मानांकन मिळवले ते नाव वाचवण्यासाठीच. बाहेरून आलेला माल ‘सोलापुरी’ म्हणून विकला गेला की इथल्या मागवाल्याचे पोट मारले जाते. पतसंस्थांचे तसेच. एका अफवेने ठेवीदारांच्या रांगा लागतात आणि धडधाकट संस्था आठवड्यात आजारी पडते. म्हणून अब्रूला कायद्याचे संरक्षण नकोच, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. गरिबाकडे विकायला घर नसते, नाव असते; त्या नावावर उधारी मिळते, मुलीचे स्थळ जुळते, काम टिकते.

माझे म्हणणे एवढेच आहे की संरक्षणाचे हत्यार चुकीचे निवडले आहे. कलम 356 मधली कैद काढावी. तिच्या जागी जिल्हा न्यायालयाला ठरावीक दिवसांत दुरुस्ती, माफी वा उत्तर त्याच जागी आणि त्याच ठळकपणे प्रसिद्ध करण्याचा हुकूम देण्याचे अधिकार असावेत. भरपाई नंतर ठरली तरी चालेल. मागितलेल्या रकमेबरोबर वाढणारी कोर्ट फी छोट्या दाव्यांसाठी नाममात्र करावी. खोट्या, तोंड दाबणाऱ्या फिर्यादी पहिल्याच सुनावणीत फेटाळून खर्च वसूल व्हावा. कलम 223 ने तो दरवाजा थोडा उघडला आहेच. सोलापूरच्या वकिलांना उच्च न्यायालयासाठी रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सोलापूरसह सहा जिल्ह्यांसाठी सुरू झाले आहे. अंतर कमी झाले, आता अशी प्रकरणे तिथे नेटाने मांडली पाहिजेत.

तोवर ज्याच्यावर ही वेळ आली आहे त्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ज्याने लिहिले वा छापले त्याला आधी लेखी दुरुस्ती मागा. नोटीस कायद्याने सक्तीची नसली तरी ती पोचल्याचा कागद पुढे फार उपयोगी पडतो. फौजदारी प्रकरण आपसांत मिटवता येते, त्याला कायद्याची मुभा आहे. खरी माफी समोरून आली तर ती घ्या. आणि भरपाईचा दिवाणी दावा लावायचाच असेल तर पंचायतीत, मध्यस्थांत आणि ‘बघू पुढे’ करण्यात दिवस घालवू नका. फौजदारी फिर्यादीला तीन वर्षे आहेत, पण दिवाणी दाव्याची मुदत मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून फक्त एक वर्षाची आहे.